भारतातील दूध: उत्पादन, उपलब्धता आणि प्रत्यक्ष वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुधाच्या आकडेवारीविषयी विद्यार्थी, दूध उत्पादक, गृहिणी आणि काही शिक्षक सातत्याने जे प्रश्न पाठवतात, त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो: देशात किती दूध निघते, ते माणशी किती येते आणि माणूस प्रत्यक्षात किती दूध घेतो, या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. ज्या उत्तराचा आधार दुसऱ्या उत्तरात आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भारतात वर्षाला नेमके किती दूध होते?

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन आकडेवारीनुसार २०२३-२४ या वर्षात देशात २३.९३ कोटी टन दूध झाले. दिवसाचा हिशेब केला, तर हे सुमारे साडेपासष्ट कोटी किलो होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या नोंदींत, म्हणजे १९५०-५१ मध्ये, हाच आकडा १.७ कोटी टन होता. पुढची वीस वर्षे उत्पादन जेमतेम हलले आणि १९७०-७१ मध्ये ते २.२ कोटी टनांवर आले. त्यानंतर मात्र १९९०-९१ मध्ये ५.३९ कोटी, २०१०-११ मध्ये १२.१८ कोटी आणि २०१४-१५ मध्ये १४.६३ कोटी टन अशी चढती कमान आहे. मधली काही वर्षे वाढीचा वेग सहा टक्क्यांच्या आसपास होता. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षांत तो चार टक्क्यांच्या खाली आला. दरवर्षी साधारणपणे २६ नोव्हेंबरला, म्हणजे राष्ट्रीय दुग्ध दिनाच्या सुमारास, नवे आकडे प्रसिद्ध होतात.

२. भारत दूध उत्पादनात जगात पहिला आहे, हे खरे आहे का?

होय. १९९८ मध्ये भारताने अमेरिकेला मागे टाकले आणि तेव्हापासून हे स्थान सुटलेले नाही. जगातील एकूण दुधापैकी जवळजवळ एक चतुर्थांश दूध आज भारतात निघते. मात्र हे स्थान एकूण उत्पादनाचे आहे. एका जनावरामागे मिळणाऱ्या दुधात आपण पुष्कळ मागे आहोत आणि त्याची कारणे प्रश्न १२ मध्ये दिली आहेत.

३. कोट्यवधी गोठ्यांतले दूध सरकार मोजते तरी कसे?

प्रत्येक गोठ्यातले दूध कोणी मोजत नाही आणि ते शक्यही नाही. राज्यांचे पशुसंवर्धन विभाग दरवर्षी नमुना सर्वेक्षण करतात. त्यासाठी वर्ष मार्च ते फेब्रुवारी असे धरले जाते आणि त्याचे तीन हंगाम केले जातात: मार्च ते जून उन्हाळा, जुलै ते ऑक्टोबर पावसाळा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळा. निवडलेल्या गावांत प्रगणक जातो, घरोघरची जनावरे नोंदवतो, त्यांतली दुभती किती, गाभण किती आणि भाकड किती हे विचारतो आणि काही गोठ्यांत सकाळ-संध्याकाळच्या धारेच्या वेळी उभा राहून दूध मोजून घेतो. त्यावरून संकरित गाय, देशी गाय, म्हैस आणि शेळी यांचे दिवसाचे सरासरी दूध काढले जाते. ही सरासरी, दुभत्या जनावरांची अंदाजित संख्या आणि हंगामातले दिवस यांचा गुणाकार म्हणजे त्या हंगामाचे उत्पादन.

म्हणून हा आकडा तोलून काढलेला नसून काळजीपूर्वक केलेला अंदाज आहे, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. जनावरांच्या संख्येचा पाया पशुगणनेतून येतो आणि विसावी पशुगणना २०१९ ची आहे. गणना जितकी जुनी होत जाते, तितका संख्येचा भाग अंदाजावर अधिक अवलंबून राहतो. वासराने थेट आचळातून प्यालेले दूध या मोजणीत येत नाही. मोजले जाते ते धार काढलेले दूध.

४. आकडे कधी किलोत, कधी लिटरमध्ये असतात. फरक मोठा आहे का?

एक लिटर दुधाचे वजन सुमारे १.०३ किलो भरते, म्हणजे फरक साधारण तीन टक्क्यांचा आहे. घरच्या हिशेबात तो सोडून दिला तरी चालतो. देशाच्या आकड्यात मात्र साडेपासष्ट कोटी किलोचे साडेत्रेसष्ट कोटी लिटर होतात, आणि दोन कोटींची ही तफावत कोणाला "गायब झालेले दूध" वाटू शकते. राष्ट्रीय आकडे वजनात असतात, तर संकलन केंद्रावरचे आणि पिशवीवरचे माप लिटरमध्ये असते.

५. १९७० नंतरच उत्पादन इतके का वाढले?

ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदला गेले आणि खेडा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांच्या सहकारी संघाचे काम त्यांनी जवळून पाहिले. १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या संघाचे व्यवस्थापन तेव्हा वर्गीस कुरियन यांच्याकडे होते. असे संघ देशभर व्हावेत या हेतूने १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ स्थापन झाले आणि १९७० मध्ये "ऑपरेशन फ्लड" सुरू झाले. युरोपातील देशांकडे साठलेली दूध भुकटी आणि बटर ऑइल (लोण्यातील पाणी काढून उरलेला स्निग्धांश) जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारताला भेट म्हणून मिळाले. ते फुकट वाटले असते, तर गावच्या दुधाचा भाव कोसळला असता. त्याऐवजी त्यापासून केलेले दूध मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत किंमत घेऊन विकले गेले आणि त्या पैशातून गावपातळीवरील संकलन, शीतकरण आणि वाहतूक उभी राहिली. १९९६ पर्यंत तीन टप्प्यांत हा कार्यक्रम चालला.

वाढीचे सगळे श्रेय मात्र एका कार्यक्रमाला देता येत नाही. दूध रोज विकले जाईल आणि पैसे ठरल्या दिवशी मिळतील, ही खात्री आल्यावर शेतकऱ्याने गोठ्यात गुंतवणूक केली. कृत्रिम रेतनामुळे संकरित गाई गावोगावी पोहोचल्या. पुण्याजवळ उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या "बाएफ" संस्थेचे या कामातील योगदान फार मोठे आहे. सिंचन वाढले तसा हिरवा चारा वाढला, आणि शहरांतल्या मागणीने या सगळ्याला बळ दिले.

६. "दरडोई उपलब्धता ४७१ ग्रॅम" म्हणजे प्रत्येक माणूस रोज जवळजवळ अर्धा लिटर दूध पितो, असे समजायचे का?

नाही, आणि सर्वांत अधिक गैरसमज याच आकड्याबद्दल आहे. २०२३-२४ मधील ४७१ ग्रॅम हा भागाकार आहे: वर्षभराचे एकूण उत्पादन भागिले देशाची अंदाजित लोकसंख्या भागिले वर्षाचे दिवस. कोणाच्याही पेल्यात किती दूध पडले, हे यात कुठेही मोजलेले नाही. याच ४७१ ग्रॅममध्ये तूप, दही, पेढा, आइस्क्रीम, चहाच्या टपरीवरचे दूध, बिस्किटांत गेलेली भुकटी, वासरांना भांड्यातून पाजलेले दूध आणि नासलेले दूध हे सर्व येते.

या आकड्याचा खरा उपयोग काळाची तुलना करण्यासाठी आहे. १९५०-५१ मध्ये उपलब्धता १३० ग्रॅम होती आणि लोकसंख्या दुधापेक्षा वेगाने वाढल्यामुळे १९७० च्या सुमारास ती ११० ग्रॅमच्या आसपास घसरली. तेव्हाच्या शहरांत रेशनसारखी दुधाची कार्डे होती आणि पहाटे केंद्रावर रांगा लागत, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या घसरणीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आज भारताचा हा आकडा जागतिक सरासरीच्या बराच वर आहे. २०२३ साठी जगाची सरासरी ३२९ ग्रॅम सांगितली जाते.

भागाकारातील लोकसंख्याही अंदाजित आहे, कारण २०११ नंतरच्या जनगणनेचे आकडे उपलब्ध नाहीत. शिवाय हा देशाचा सरासरी आकडा आहे. राज्यांमधील अंतर किती मोठे आहे, ते प्रश्न १० आणि ११ मध्ये पाहावे.

७. मग लोक प्रत्यक्षात किती दूध वापरतात?

याचे उत्तर उत्पादनाच्या आकड्यांतून मिळत नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन केलेले उपभोग-खर्चाचे सर्वेक्षण पाहावे लागते. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात माणशी महिन्याला ४.३३ लिटर, तर शहरी भागात ५.४२ लिटर दूध वापरले जात होते. दिवसाला हे अनुक्रमे सुमारे १४५ आणि १८० मिलिलिटर होते. त्याच वर्षी दरडोई उपलब्धता २९० ग्रॅम होती. हे दोन्ही आकडे सरकारीच, त्यामुळे यांतला एक खोटा असला पाहिजे, अशी पत्रे आमच्याकडे येतात. तसे मानण्याचे कारण नाही. सर्वेक्षणातला "दूध" हा रकाना घरात आणलेल्या किंवा घरच्या गोठ्यातल्या पातळ दुधाचा आहे. तूप, लोणी, दही, मिठाई यांचे रकाने वेगळे आहेत, आणि हॉटेलात प्यालेला चहा तर खाद्यपेयांच्या रकान्यात जातो. तरीही हे सर्व मिळवून दोन्ही आकडे पूर्ण जुळत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. घरे आपला वापर कमी सांगतात, असे काही अभ्यासकांना वाटते, तर उत्पादनाचाच अंदाज काहीसा वर असावा, असे इतरांचे म्हणणे आहे. माझ्या मते दोन्हीत तथ्य आहे.

मागणीचा स्वतंत्र अंदाजही झालेला आहे. दिल्लीच्या आर्थिक विकास संस्थेने सरकारसाठी केलेल्या अभ्यासात, दुग्धपदार्थांचे दुधात रूपांतर करून, २०१९ मधील देशाचा एकूण वापर वर्षाला १६.२४ कोटी टन, म्हणजे दिवसाला सुमारे साडेचव्वेचाळीस कोटी किलो असल्याचे आढळले. २०१८-१९ चे उत्पादन १८.७८ कोटी टन होते. उत्पादन अधिक आणि वापर त्याहून थोडा कमी, असे हे चित्र आहे.

खर्चाच्या बाजूने पाहिले, तर २०२३-२४ च्या सर्वेक्षणात ग्रामीण कुटुंबाच्या माणशी मासिक खर्चातील ८.४४ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चातील ७.१९ टक्के रक्कम दूध आणि दुग्धपदार्थांवर जाते. दोन्हीकडे हा खर्च तृणधान्यांवरच्या खर्चापेक्षा अधिक आहे. दुधाचा भाव दोन रुपयांनी वाढला की घरात त्याची चर्चा का होते, हे यावरून समजते.

८. गोठ्यातून निघालेले दूध जाते कुठे?

सरकारी अंदाजानुसार सुमारे ३७ टक्के दूध उत्पादकाच्या घरीच राहते आणि ६३ टक्के विक्रीसाठी बाहेर पडते. विक्रीच्या दुधापैकी सहकारी संघ आणि खासगी डेअऱ्या यांच्याकडे जाणारा वाटा अजून निम्म्याहूनही कमी आहे. उरलेले दूध गवळी, रतिबाची घरे, हॉटेले आणि मिठाईवाले यांच्याकडे थेट जाते. सहकारी संघांचे संकलन २०२८-२९ पर्यंत दिवसाला १,००७ लाख किलोपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट केंद्राने ठरवले आहे. साडेपासष्ट कोटी किलोंच्या तुलनेत ते दहा कोटींच्या आसपास आहे, यावरून सहकारी क्षेत्राची मर्यादा कळते.

पदार्थांत किती दूध मुरते, याची कल्पना असणे उपयोगाचे आहे. म्हशीच्या साधारण चार ते पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. एक किलो तुपासाठी म्हशीचे पंधरा-सोळा लिटर दूध लागते आणि गाईचे असेल तर अठ्ठावीस-तीस लिटरपर्यंत जाते, कारण त्यात स्निग्धांश निम्माच असतो. येथे एक बारकावा आहे. तूप काढल्यावर मागे राहिलेल्या सायविरहित दुधाची भुकटी किंवा दही होते. म्हणून तुपाचे लिटर आणि भुकटीचे लिटर वेगवेगळे मोजून त्यांची बेरीज केली, तर एकच दूध दोनदा मोजले जाते. वापराचे फुगलेले अंदाज पुष्कळदा या चुकीतून येतात.

९. "देशात रोज १४ कोटी लिटर दूध होते आणि वापर ६४ कोटी लिटर आहे, म्हणजे उरलेले ५० कोटी लिटर बनावट आहे" असा संदेश फिरतो. तो खरा आहे का?

खरा नाही. ६४ कोटी लिटर हा आकडा देशाच्या सध्याच्या दैनिक उत्पादनाच्याच जवळपास जातो (प्रश्न १ आणि ४ पाहा). "१४ कोटी" कोठून आले, याचा तर्क करता येतो: २०१४-१५ चे वार्षिक उत्पादन १४.६३ कोटी टन होते. वर्षाचे टन दिवसाचे लिटर म्हणून कोणी लिहिले असतील, तर हा संदेश तयार होतो. याच संदेशाला जोडून जागतिक आरोग्य संघटनेने भारतीय दुधाबद्दल कर्करोगाचा इशारा दिल्याचे सांगितले जाते. संघटनेने असा कोणताही इशारा दिलेला नाही, असे केंद्र सरकारने स्पष्ट केलेले आहे.

भेसळ होतच नाही, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी सुमारे ९३ टक्के पिण्यास सुरक्षित होते आणि आरोग्यास घातक भेसळ केवळ १२ नमुन्यांत सापडली. परंतु ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा अधिक होते. हे विष कोणी दुधात मिसळत नाही. बुरशी लागलेली पेंड किंवा चारा जनावराच्या पोटात गेला की ते दुधात उतरते. ओलसर जागेत ठेवलेल्या सरकी पेंडीच्या पोत्याकडे आणि बुरशी आलेल्या कडब्याकडे आपण बनावट दुधाइतक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे. स्निग्धांश किंवा इतर घनपदार्थ प्रमाणापेक्षा कमी असलेले नमुने याहून पुष्कळ अधिक होते. असे दूध कमी कसाचे असते, पण म्हणून ते विषारी ठरत नाही.

१०. महाराष्ट्राचे स्थान काय आहे?

२०२३-२४ मध्ये उत्तर प्रदेश १६.२१ टक्के, राजस्थान १४.५१, मध्य प्रदेश ८.९१, गुजरात ७.६५ आणि महाराष्ट्र ६.७१ टक्के असा पहिल्या पाच राज्यांचा वाटा होता. महाराष्ट्राचे उत्पादन त्यानुसार सुमारे १.६ कोटी टन येते आणि दरडोई उपलब्धता साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास बसते, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा बरीच कमी. पंजाबात हाच आकडा बाराशे ग्रॅमच्या वर आहे.

राज्याच्या आतील विषमता त्याहून बोलकी आहे. अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात दुधाचा महापूर आहे. गोकुळ, वारणा, कात्रज, राजहंस ही दूध संघांची नावे याच भागातली. ऊस आणि दूध येथे एकमेकांच्या आधाराने वाढले: पाणी आले, वाढे (उसाचे शेंडे) आणि हिरवा चारा मिळाला, सहकाराची सवय आधीच होती. विदर्भ आणि मराठवाड्यात देवणी, लाल कंधारी, गवळाऊ यांसारख्या चांगल्या गाई आणि नागपुरी म्हशी असूनही पाणी, चारा आणि खात्रीचे संकलन या तिन्हींची उणीव राहिली. जेथे दूध घेणारी गाडी दोन्ही वेळा येत नाही, तेथे गोठा वाढवण्याचे धाडस कोण करणार?

११. मुंबईत किंवा गोव्यात इतके गोठे नाहीत, तरी दूध मुबलक मिळते. मग राज्यनिहाय उपलब्धतेला अर्थ काय?

शंका योग्य आहे. राज्याची दरडोई उपलब्धता त्या राज्यातले उत्पादन तेथील लोकसंख्येने भागून काढतात. राज्याबाहेरून आलेले किंवा बाहेर गेलेले दूध त्यात मिळवले किंवा वजा केले जात नाही. गोव्याचे स्वतःचे उत्पादन मागणीच्या मानाने थोडे आहे आणि कोल्हापूर-बेळगावच्या बाजूने टँकर आणि पिशव्या येतात. मुंबईला पश्चिम महाराष्ट्राबरोबर गुजरातचेही दूध येते. उलट महाराष्ट्रातल्या काही गावांतले दूध परराज्यातील संघ गोळा करतात. म्हणून राज्याच्या उपलब्धतेवरून तेथील लोकांच्या आहाराविषयी निष्कर्ष काढू नये. त्यासाठी प्रश्न ७ मधील सर्वेक्षणे वापरावीत.

१२. जनावरे जगात सर्वाधिक असताना एका जनावराचे दूध इतके कमी का?

२०१९ च्या पशुगणनेत देशात १९.३ कोटी गाई-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी होत्या. दुभत्या संकरित गाईचे सरासरी दूध दिवसाला आठ किलोच्या आसपास, म्हशीचे साडेपाच ते सहा किलो आणि देशी गाईचे चार किलोच्या आसपास येते. अमेरिकेत एक गाय वर्षाला साडेदहा ते अकरा हजार किलो दूध देते. आपल्याकडे आठ किलोची गाय तीनशे दिवस दुधात राहिली, तरी अडीच हजार किलोंच्या थोड्या खाली थांबते.

परंतु ही तुलना करताना व्यवस्थेतला फरक विसरता कामा नये. तिकडची गाय भरपूर धान्य-पेंडीवर, मोठ्या कळपात, केवळ दुधासाठी असते. आपल्याकडच्या दोन-तीन जनावरांच्या गोठ्यात कडबा, भुसा, बांधावरचे गवत आणि घरातली उरलेली भाकरी यांचे दूध होते, आणि ते सांभाळण्याचे काम मुख्यतः घरातल्या बाई करतात. खिल्लार किंवा डांगी गाय शेतीच्या कामाचे बैल मिळावेत म्हणून जोपासली गेली. तिच्याकडून होल्स्टिन या परदेशी दुधाळ जातीइतक्या दुधाची अपेक्षा करणे तिच्यावर अन्याय आहे. ज्या उणिवा खऱ्या आहेत, त्या वेगळ्या आहेत: वेतांमधले लांबलेले अंतर, भाकड काळ, उन्हाळ्यातली चाराटंचाई आणि वेळेवर न मिळणारा पशुवैद्य. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने जी जनावरे वाचली, त्यांचेही दूध आटले, हे अनेक घरांनी पाहिले.

१३. देशाच्या दुधात म्हैस अधिक की गाय? शेळीचे दूध धरतात का?

सुमारे ४३ ते ४५ टक्के दूध म्हशीचे, निम्म्याहून थोडे अधिक गाईचे आणि तीन टक्क्यांच्या आसपास शेळीचे असते. शेळीचे दूध मोजणीत येते. सोया, ओट किंवा बदाम यांच्या पेयांचा या आकडेवारीशी संबंध नाही.

म्हशीविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळलेला पेला हातात देतात. पंढरपुरी म्हैस दिवसातून अनेकदा थोडी थोडी धार देते, म्हणून हे शक्य होते. असे धारोष्ण दूध कोणत्याही डेअरीच्या नोंदीत जात नाही. देशाच्या उत्पादनात मात्र नमुना सर्वेक्षणाच्या मार्गाने त्याची गणना होते.

१४. टोन्ड दूध आणि भुकटीपासून केलेले दूध उत्पादनात धरतात का?

नाही. उत्पादन आचळातून निघाले तेव्हा एकदाच मोजले जाते. टोन्ड दुधाची कल्पना मुंबईची आहे: १९४६ मध्ये दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दुधात सायविरहित दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून त्याचा स्निग्धांश कमी केला, ज्यामुळे तेवढ्याच म्हशीच्या दुधात अधिक घरांना परवडणारे दूध मिळू लागले. पुढे आरे कॉलनी आणि मुंबई दूध योजना यांच्या पाठीशीही खुरोडीच होते. आज टोन्ड दुधात ३ टक्के, डबल टोन्डमध्ये १.५ टक्के, स्टँडर्ड दुधात ४.५ टक्के आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असावा लागतो. यामुळे शहरात विकल्या गेलेल्या दुधाचे लिटर गोठ्यातून आलेल्या लिटरपेक्षा अधिक भरू शकतात. नियमांत राहून केलेली ही प्रक्रिया आहे, तिला भेसळ म्हणता येत नाही. मात्र पिशवीवर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे.

१५. देशात दुधाची मागणी वाढत असेल, तर शेतकऱ्याचा दर मधेच का पडतो?

दुधाचा वार्षिक आकडा सपाट दिसतो, पण दूध वर्षभर सारखे निघत नाही. म्हशी बहुतांशी पावसाळ्यात आणि त्यानंतर वितात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा पुष्टकाळ, म्हणजे अधिक दुधाचा काळ, आणि उन्हाळा हा कृशकाळ, म्हणजे कमी दुधाचा. पुष्टकाळात डेअऱ्या जास्तीच्या दुधाची भुकटी आणि लोणी करून ठेवतात. जागतिक बाजारात भुकटी स्वस्त झाली किंवा गोदामात आधीचीच पडून राहिली, की डेअरी गाईच्या दुधाचा खरेदी दर उतरवते. म्हशीच्या दुधाला याची झळ कमी बसते, कारण त्यात स्निग्धांश अधिक असतो आणि भुकटीवरचे अवलंबित्व कमी. २०१८ चे दूध आंदोलन आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला दिलेले लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान, या दोन्हींच्या मुळाशी भुकटीचा साठा होता.

दर केवळ लिटरवर ठरत नाही. पहाटे सहाला केंद्रावर किटली ओतली की नमुन्याची बाटली यंत्राला लागते आणि पावती बाहेर येते: लिटर ९.२, फॅट (स्निग्धांश) ३.४, एसएनएफ (स्निग्धांश सोडून इतर घनपदार्थ) ८.२. गाईच्या दुधाचा जाहीर दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफसाठी असतो. त्याखालच्या प्रत्येक पॉइंटला कपात होते. आमच्या घरी एका उन्हाळ्यात, गाय आणि पेंड तीच असताना, केवळ हिरवा चारा संपल्याने एसएनएफ घसरला आणि जाहीर दरापेक्षा हातात येणारा दर सलग दीड महिना कमी राहिला. वर्तमानपत्रातला दर आणि पावतीवरचा दर यांत फरक का, असे विचारणाऱ्यांसाठी हेच उत्तर आहे.

१६. आपण दूध आयात करतो का? आणि निर्यात?

सध्या देश दुधाच्या बाबतीत स्वयंपूर्ण आहे. भुकटीवर ६० टक्के आयातशुल्क असल्याने बाहेरची भुकटी सहज येत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आशियातील मोठ्या व्यापार करारातून बाहेर पडला, त्यामागे न्यूझीलंडसारख्या देशांच्या स्वस्त भुकटीची भीती हे एक प्रमुख कारण होते. निर्यात मुख्यतः तूप, लोणी आणि भुकटीची होते, आणि जगाच्या दुग्धव्यापारात आपला वाटा अगदी लहान आहे, कारण आपले दूध आपल्याच घरात संपते.

१७. एका माणसाला दिवसाला किती दूध हवे? आपल्याकडे तेवढे आहे का?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २,००० कॅलरींच्या रोजच्या आहारात ३०० मिलिलिटर दूध किंवा दही सुचवले आहे. सरासरी उपलब्धता याहून पुष्कळ अधिक आहे, म्हणजे देशात दूध कमी नाही. प्रश्न वाटपाचा आहे. एका घरात खवा, पनीर आणि तुपाच्या रूपाने माणशी लिटरभर दूध जाते, तर दुसऱ्या घरात दहा रुपयांची पिशवी चौघांच्या चहाला पुरवली जाते. अधिक दुखावणारी गोष्ट म्हणजे हे दुसरे घर पुष्कळदा दूध उत्पादकाचेच असते: हप्त्याची तारीख जवळ आली की घरच्या लेकरांचा पेला कमी होतो आणि किटली भरते. ही तफावत ४७१ ग्रॅमच्या सरासरीत दिसत नाही.

१८. एकाच वर्षाचे दोन वेगळे आकडे सापडले, तर कोणता वापरावा?

नंतर प्रसिद्ध झालेला. पहिला आकडा पुष्कळदा तात्पुरता असतो आणि पुढच्या वर्षी सुधारला जातो. उदाहरणार्थ, २०२१-२२ चे उत्पादन आधी २२.११ कोटी टन जाहीर झाले आणि नंतर ते २२.२१ कोटी टन झाले. प्रकल्प किंवा लेख लिहिताना आकड्यासोबत वर्ष, तो कोणत्या वर्षीच्या अहवालातला आहे, आणि तो उत्पादनाचा, उपलब्धतेचा की वापराचा आहे, या तिन्ही गोष्टी अवश्य लिहाव्यात.